फुलसिंगचं रडणं आणि नायकाचे कान

सिनेमातली माणसं जे बोलतात ते आधी कोणीतरी लिहून दिलेलं असतं, हे आज शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत आमच्या मानोऱ्याच्या बाजूला तुम्ही असं बोलला असतात, तर ऐकणाऱ्यानं आधी तुमच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. हिरो बोलतो, कारण देवानं त्याला तोंड दिलंय. हिरोइन रडते, कारण तिचा बाप ऐकत नाही. यात लिहायचं काय? आणि नेमकं हेच लिहून पोट भरणारा माणूस निघाला तो आमच्याच मुलखातून. फुलसिंग त्याचं नाव.

मी त्याचा शाळासोबती. त्यामुळे पुढचं काही मी पाहिलेलं आहे, काही ऐकलेलं आहे, आणि जिथं मी नव्हतो तिथं मनकर्णाबाई होती. ही आमची शेजारीण. शेती बरी होती, पण तिच्याकडे ज्वारीपेक्षा बातम्या जास्त पिकायच्या. तिनं सांगितलेल्यातलं निम्मं खरं असायचं. कुठलं निम्मं, ते मात्र विचारायचं नाही.

फुलसिंगचा तांडा पोहरादेवीच्या अलीकडे, टेकडीच्या उतारावर. त्याची आई रुखमाबाई तांड्यातल्या पोरींना रडायला शिकवायची. हसू नका. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरीनं नुसती टिपं गाळून भागत नाही, तिला ढावलो म्हणावा लागतो. ढावलो म्हणजे रडता रडता गायचं आणि गाता गाता भांडायचं. आईच्या गळ्यात पडून आईशी, मग काकूशी, मावशीशी, भावजयीशी. लहानपणी कोणी बोरं दिली, कोणी वेणी ओढली, मामानं कबूल केलेली कालवड अजून का आली नाही, ज्याच्याशी लग्न लावताय तो दिसायला कसा आहे, सगळं त्या रडण्यात यायला पाहिजे. जिच्या गळ्यात पडली तिनं तसंच रडून उत्तर द्यायचं. आणि एकदा सुरू केलेला ढावलो मधेच तोडायचा नाही. तुटला तर पोरीचं मन अर्धं माहेरीच राहतं, संसाराला लागत नाही, असं बाया मानत.

हे उपजत कोणाला येतं? म्हणून लग्न ठरलेल्या पोरी रुखमाबाईच्या अंगणात बसून धडे घेत. गावोगावच्या जुन्या ढावल्यांतले नामी तुकडे ती त्यांना म्हणून दाखवायची. पुरुषांना तिथं मज्जाव. पण फुलसिंग तिचा पोरगा, तो कुठं जाणार? आम्ही पोरं गोट्या खेळायचो तेव्हा हा दारात बसून रडण्याचे सगळे प्रकार पाठ करायचा. शाळेत गुरुजींनी छडी उगारली की हा सुरू व्हायचा, "गुरुजी, तुमच्या परसातल्या शेवग्याच्या शेंगा म्या नाई तोडल्या, तोडल्या त्या तुमच्याच पोट्ट्यानं, तवा मले तुमी कायले मारता, मले काय शेवग्याची भाजी आवडते?" असं सुरात म्हणायचा की गुरुजींची छडी खाली यायची आणि घरी जाऊन ते स्वतःच्या पोराकडे बघायचे.

त्या अंगणात नायकाची पोरगी रुपाबाईही यायची. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, प्रेमसिंग. रुपाबाई दिसायला देखणी, बोलायला तिखट, पण रडण्यात पार नापास. दोन ओळी म्हणायची आणि तिसऱ्या ओळीला फस्सकन हसायची. रुखमाबाई कपाळाला हात लावायची. "तुह्या लग्नात आमची अब्रू जाईन व!" आणि दारात बसलेला फुलसिंग त्या हसण्याकडे बघत राहायचा. रडण्याच्या शाळेत हसणाऱ्या पोरीवर जीव जडला, यात त्याची काय चूक?

मोठा झाल्यावर फुलसिंगला पहिलं काम दिलं कारंज्याच्या नानाजीनं. नानाजीचा फिरता सिनेमा होता. एक तंबू, एक मशीन, एक फटफट करणारं इंजिन आणि गळ्यात एक शिट्टी. मशीन एकच, म्हणून एक रीळ संपलं की गॅसबत्त्या लागायच्या, ऑपरेटर दुसरं रीळ चढवायचा, आणि नानाजीनं शिट्टी फुंकली की बत्त्या झाकून सिनेमा पुढं. चालू सिनेमात फुंकली तर मशीन बंद. फुलसिंगचं काम बैलगाडीत भोंगा घेऊन गावोगाव सिनेमाची गोष्ट सांगत फिरायचं. आता गोष्ट त्याला कोण सांगणार? हा पोस्टर बघायचा आणि स्वतःच रचायचा. धनजला त्यानं सांगितलं की हिरोइनला जंगलात एक वाघीण सांभाळते आणि लग्नात वऱ्हाडाबरोबर येते. सगळं धनज तंबूत लोटलं. सिनेमा संपला, वाघीण काही आली नाही. लोकांनी तंबूचे दोर धरले. "वाघीण दाखवल्याबिगर जाऊ देत नाई!"

नानाजी घामाघूम. "अबे, ह्या सिनेमात वाघीण कुठी हाये?"

"नाई जी," फुलसिंग शांतपणे म्हणाला, "पन असाले पायजे होती."

नानाजीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खिशात हात घालून तिकिटापुरते पैसे काढले. "तू मुंबईले जाय. तठी खोटं बोलाचे पैसे भेटतात. अठी मले मार भेटते."

मुंबईत तो ज्यांच्याकडे लागला त्यांना सगळे मुनशीजी म्हणत. मोठे कथा-संवादवाले. नाव सांगत नाही, त्यांच्या नातवंडांना कशाला वाईट वाटायला लावा. पडद्यावर नाव मुनशीजींचं, आणि लिहायला हाताखाली चार-पाच जण. मारामारीच्या आधीच्या धमक्या लिहिणारा वेगळा, विनोदी नोकराचं बोलणं लिहिणारा वेगळा. फुलसिंग आधी नुसता नकला उतरवायचा. एकदा मुनशीजींनी मुलगी सासरी जाण्याचा प्रसंग लिहिला होता. त्यात चंद्र होता, नशीब होतं, फुटका आरसा होता. फुलसिंग नक्कल करता करता थांबला.

"मुनशीजी, ही रडून राह्यली कोनापाशी?"

"क्या मतलब?"

"म्हंजे चंद्र तं तिचा मामा बी नाई, काका बी नाई. रडनारी बाई कोनाच्या तरी गळ्यात पडते आन त्याच्याशी बोलते. भांडते. ही तं एकटीच उभी हाये."

मग त्यानं स्वतः लिहिलं. नवरी आधी आईशी भांडते, मग काकूशी, आणि मामाच्या कालवडीचाही जाब विचारते. मुनशीजी पहिल्या ओळीला हसले, दुसरीला रुमाल काढला, तिसरीला रुमाल पुरेना. त्या दिवसापासून रडण्याचं खातं फुलसिंगकडे. हिरोइनी म्हणायच्या, ग्लिसरीन नको, वऱ्हाडवाल्याचा कागद आणा.

लिहायची त्याची पद्धत मात्र भलतीच. तो आधी मोठ्यानं रडून बघायचा. खोलीत येरझाऱ्या घालत आईच्या सुरात रडायचा आणि मग कागदावर उतरवायचा. शेजारच्या बायांना वाटायचं, बिचाऱ्याच्या घरी कोणी गेलं. त्या वरणभात घेऊन यायच्या. पुढच्या सिनेमाला परत रडणं, परत वरणभात. मनकर्णाबाई म्हणते, वर्षभर त्यानं चूल पेटवली नाही. शेवटी एक गुजराती बाई म्हणाली, "भाई, तुमच्या घरी आता कोण उरलंय तरी?" तेव्हा त्याला खोली बदलावी लागली.

आता मुद्द्यावर येतो. रुखमाबाई मधल्या काळात वारली. फुलसिंग रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीला आला तो सरळ प्रेमसिंग नायकाच्या दारात जाऊन बसला. रुपाबाईला मागणी घालायला.

नायकाबद्दल दोन शब्द सांगतो. माणूस दिलदार, शब्दाचा पक्का, पण बायकोचं ऐकायचं नाही अशी शपथ घेतल्यासारखा वागायचा. बायको रामीबाई पूर्वेकडे म्हणाली की हा पश्चिमेकडे बैल जुंपणार. आणि त्याचे कान! एवढे मोठे कान मी माणसाला पाहिले नाहीत. सूर्याकडे पाठ करून बसला की कानांतून गुलाबी उजेड दिसायचा. हे तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती. मीही तो वारल्यावरच लिहितोय.

त्या दिवशी ओट्यावर तांड्याची जाणती माणसं बसलेली, आणि उदयसिंगही. उदयसिंग रिसोडच्या मोटरीवर कंडक्टर. खाकी कोट, चामड्याची पिशवी, गळ्यात शिट्टी. त्याचीही रुपाबाईलाच मागणी. ते आपसात गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत बोलत होते, मी तुम्हाला आपल्या वऱ्हाडीत सांगतो.

"काम काय करतं, फुलसिंग?" नायकानं विचारलं.

"सिनेमातले लोक बोलतात ना, ते मी लिवतो."

"कायले?"

"म्हंजे?"

"त्याईले बोलता येत नाई काय?"

"येते जी. पन काय बोलाचं ते..."

"एवढाले मोठाले लोक, सुटाबुटातले, त्याईले काय बोलाचं ते तू सांगतं? मंग तुले काय बोलाचं ते कोन सांगते?"

ओटा हसला. उदयसिंग सगळ्यात मोठ्यानं. त्यानं शिट्टी काढून फुर्रकन वाजवली. "नायक, हे पाहा माहं काम. ही वाजली का मोटर थांबते. दोनदा वाजली का चालते."

"हाव," नायक म्हणाला, "याचं काम दिसते बी आन ऐकू बी येते. तुहं काय?"

आतून रामीबाईचा आवाज आला, "पोरगा चांगला हाये. रुखमाबाईचा हाये. देऊन टाका." झालं. रामीबाई देऊन टाका म्हणाली, म्हणजे आता देणं नाही. दाराआड रुपाबाई उभी होती. हसणारी पोरगी, पण त्या दिवशी ती हसत नव्हती, असं मनकर्णाबाईनं शपथेवर सांगितलं.

फुलसिंग म्हणाला, "नानाजीचा तंबू आलाय यात्रेत. त्यात माह्या लिवन्यातलाच सिनेमा हाये. तुमी चाला, आन पाहा."

नायकानं सगळ्यांदेखत मांडीवर हात मारला. "चाल. ज्या बोलन्यावर मले वाटन का हे या पोट्ट्याबिगर दुनियेत कोनालेच लिवता आलं नसतं, असं एक जरी बोलनं निंगालं, तं रुपा तुही. नाई निंगालं तं उदयसिंगची. प्रेमसिंग नायकाचा शब्द हाये."

संध्याकाळी दिवेलागणीच्या खेळाला आम्ही सगळे तंबूत. मधे कनात, एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया. यात्रेचे दिवस, दूरदूरच्या तांड्यांवरच्या बाया आरशांच्या ओढण्या लेऊन आलेल्या. बत्तीच्या उजेडात ती बाजू नुसती लखलखत होती. नायक पुढं खुर्चीवर, एका अंगाला फुलसिंग, दुसऱ्या अंगाला उदयसिंग, मागं मी.

सुरुवातीला नावं आली. नायकाला वाचता येत नव्हतं, उदयसिंगला येत होतं. "नायक, याचं नाव नाई! दुसऱ्याच मानसाचं हाये!" असं ओरडून त्यानं आनंदानं शिट्टी फुंकली. शिट्टी ऐकून ऑपरेटरला वाटलं नानाजीनंच इशारा केला. त्यानं मशीन थांबवलं. बत्त्या लागल्या, शिव्या झाल्या, नानाजीनं उदयसिंगच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि आपली शिट्टी फुंकून खेळ पुन्हा सुरू केला.

हिरो आला आणि बोलू लागला.

"हे तू लिवलं?" नायकानं विचारलं.

"नाई जी. हे दुसऱ्यानं."

खलनायक आला. "हे?"

"हे बी नाई. धमक्यायवाला येगळा हाये."

एक घोडा खिंकाळला. नायक वळला. "हे तं कोनी नाई ना लिवलं?"

"नाई जी, तो आपल्या मनानं."

"मंग सगळ्यात शाना तोच दिसते. तुहं कधी येते?"

"शेवटाकडं येते जी. पोट्टी सासरी जाते तवा."

एवढं बोलला आणि फुलसिंगचा चेहरा पडला. मी मागं होतो, मला त्याची मान दिसत होती. ती एकदम घामानं भिजली. त्यानं वळून मला ओढलं आणि कानात म्हणाला, "मेलो बावा."

"काऊन?"

"त्या रडन्यात म्या रामीबाईचा ढावलो घातला."

मला आधी कळेना. मग त्यानं कुजबुजत सांगितलं. रामीबाईच्या लग्नातला ढावलो पंचक्रोशीतल्या बायांत गाजलेला होता. रुखमाबाई तो पोरींना शिकवायची. बायांचं गुपित बायांत. नवरदेव तेव्हा लांब बैलांपाशी बसलेला, त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, आणि नंतर सांगणार कोण? पुरुषांपैकी तो एकट्या फुलसिंगलाच ठाऊक. मुंबईत लिहिताना हातातून आपसूक उतरला. आणि त्या ढावल्यात नवरदेवाच्या कानांबद्दल होतं.

"मंग बरंच हाये ना," मी म्हटलं. "तुह्याबिगर कोन लिवन ते?"

"अबे, पन ते ऐकल्यावर पोट्टी देईन का मान पिरगाळन?"

आणि मग मी जन्मात पाहिली नाही अशी गंमत पाहिली. ज्यानं हात धरून नायकाला तंबूत आणलं, तोच आता त्याला बाहेर काढायच्या मागं लागला. "नायक, बाहीर गरम जिलेबी लागली हाये."

"मंग खाऊ."

"नायक, उकाडा लय होऊन राह्यला. वाऱ्यावर बसू थोडं."

"बस चुपचाप. तुहं बोलनं येऊन राह्यलं ना?"

"माहं काय एवढं खास नाई जी..."

"पाहा," उदयसिंग म्हणाला, "आता कबूल करून राह्यला!"

आणि आलाच तो प्रसंग. पडद्यावर डोली. हिरोइन बाहेर आली, आईच्या गळ्यात पडली आणि सुरू झाली. सिनेमा हिंदी, पण रडणं आपल्या टेकडीवरचं. कनातीपलीकडे आधी चुळबुळ झाली, मग एकीनं हुंदका दिला, मग दुसरीनं. ढावलो ऐकून गप्प बसायची त्या बायांना सवयच नाही. पडद्यावरची आई नुसती डोळे टिपत उभी होती, म्हणून इकडच्या बायांनीच उत्तर द्यायला सुरुवात केली. शेजारीण शेजारणीच्या गळ्यात पडली. अख्खी बाजू सुरात रडायला लागली. नानाजीचं इंजिन ऐकू येईना.

हिरोइन म्हणाली, "आई, कोणाच्या दारी धाडतेस गं मला? त्याचे कान सुपाएवढे, तरी माझं रडणं त्याला ऐकू येत नाही."

नायक खदाखदा हसला. "वा रे वा! सुपाएवढे! कोन हाये रे तो बिचारा?"

कोणीच हसलं नाही. कनातीपलीकडचं रडणं एकदम बंद झालं. कनातीची कड वर झाली आणि तिच्याखालून ओळीनं ओढण्या डोकावल्या. सगळ्या बाया नायकाकडे बघत होत्या. खरं सांगायचं तर नायकाच्या कानांकडे. आणि त्याच घटकेला रीळ संपलं. फटाफट गॅसबत्त्या लागल्या आणि कान लख्ख उजेडात आले.

नायकाचं हसू हळूहळू मावळलं. त्यानं एक हात कानाला लावला. मग दुसरा. मग फुलसिंगकडे पाहिलं.

"हे तू लिवलं?"

आता बघा त्याची पंचाईत. हो म्हणावं तर नायकाचा अपमान, नाही म्हणावं तर रुपाबाई गेली. "हाव... नाई... म्हंजे हाव जी," तो म्हणाला.

"कोनाबद्दल लिवलं?"

"कोनाबद्दलच नाई जी. असाच एक मोठ्या..." एवढं बोलून त्यानं जीभ चावली.

उदयसिंगला मात्र आता आवरेना. पोट धरून हसायला लागला. नायकानं त्याच्याकडे असं पाहिलं की मोटर चालू असती तर तीही थांबली असती. मग नायक उठला, पागोटं दोन्ही हातांनी खाली ओढून कान झाकले आणि तंबूला ऐकू जाईल असं म्हणाला, "याच्यात काही खास नाई. मोठ्या कानाचे लोक मुंबईत बी असतीन. हे कोनीबी लिवू शकते. माहा शब्द होता का याच्याबिगर कोनाले लिवता आलं नसतं. तसं काई निंगालं नाई. पोट्टी उदयसिंगची."

फुलसिंग खाली बसला. एवढं रडणं लिहिणारा माणूस, पण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्याला एक ओळ सुचली नाही.

तेवढ्यात कनात सरकली आणि रामीबाई बाप्यांच्या बाजूला आली. तिच्यामागं रुपाबाई. रामीबाई नायकाकडे बघतही नव्हती. ती पांढऱ्या पडद्याकडे बघत होती.

"ढावलो मधात तुटला," ती म्हणाली. "असा तोडून ठेवत नाईत. अपशकुन होते. त्या पोट्टीचं मन अर्धं माहेरी राह्यन."

"अव, ती सिनेमातली हाये!" नानाजी कळवळून म्हणाला. "दुसरं रीळ चढून राह्यलं!"

"चढन तवा चढन. म्या माह्या लग्नात म्हटलेला ढावलो हाये हा. पुरा म्याच करतो." आणि हात पसरून, तीस वर्षांपूर्वीच्या सुरात, मोकळ्या गळ्यानं तिनं म्हटलं, "पण आई, तू रडू नको. एवढे मोठे कान देवानं उगीच नाही दिले. आज नाही तर उद्या, केव्हातरी त्यांत माझा एक शब्द जाईल गं."

नायक तोंड उघडं ठेवून बायकोकडे बघत होता. तेव्हा उदयसिंगनं, चेष्टा म्हणून, शिट्टी फुंकली. आणि ऑपरेटरनं, रीळ नुकतंच चढवून, इशारा समजून मशीन सुरू केलं.

बत्त्या झाकल्या. पडदा उजळला. हिरोइन आईच्या गळ्यात तशीच होती. तिनं मान वर केली आणि हिंदीत म्हणाली, "पण आई, तू रडू नको. एवढे मोठे कान देवानं उगीच नाही दिले. आज नाही तर उद्या, केव्हातरी त्यांत माझा एक शब्द जाईल गं."

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण माझ्या डोक्यावर दोन माणसं पडली. तंबू नुसता उसळला. बाया ओरडत होत्या, आरसे लखलखत होते, कोणीतरी पागोटं उडवलं ते मशीनच्या उजेडात अडकलं आणि हिरोइनच्या डोक्यावर त्याची सावली नाचली. "लिवलं! लिवलं! पोट्ट्यानंच लिवलं! रुखमाबाईच्या पोराबिगर हे कोन्या बाप्याले ठाव?" नानाजीनं कपाळ बडवत बत्त्या पुन्हा लावल्या.

नायक तसाच उभा. मग त्यानं सावकाश पागोटं वर सारलं. दोन्ही कान बाहेर आले.

"रामी," तो म्हणाला, "मले हे कोनी सांगितलं नाई."

"तुमी विचारलं कधी?"

"आता विचारून राह्यलो. बोल. ऐकतो."

एवढ्या वर्षांत नायक बायकोला असं बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. रामीबाई सुद्धा घटकाभर गोंधळली. मग तिनं लेकीचा हात धरून पुढं केला. "म्या तवाच सांगतलं होतं. पोरगा चांगला हाये, देऊन टाका."

"देल्ली," नायक म्हणाला. मग उदयसिंगकडे वळून, "तू शिट्टी चांगली वाजवतं. तुह्यामुळंच समजलं."

लग्न वैशाखात झालं. सगळ्या मुलखाला एकच उत्सुकता, रुपाबाई ढावल्यात काय म्हणते. बायांना धास्ती वेगळीच, ही मधेच हसली तर? फुलसिंगला खास लांब बैलांपाशी बसवलं होतं, पण तो इंचाइंचानं सरकत कुडाला येऊन टेकला होता. रुपाबाईनं आईच्या गळ्यात पडून छान सुरुवात केली. मग तिची नजर कुडाकडे गेली. ती आईला म्हणाली, "याडी, साऱ्यांच्या नवऱ्यांना दोन कान, माझ्याला दोन कान आणि वर एक टाक. रडले तरी लिहील, भांडले तरी लिहील. अशा माणसाच्या घरी मी करू तरी काय गं?" आणि फस्सकन हसली. क्षणभर बाया गांगरल्या. पण नवरीला उत्तर तर द्यायलाच पाहिजे. रामीबाई आधी हसली, मग मावशी, मग काकू, आणि आमच्या मुलखातला पहिला हसरा ढावलो पुरा झाला.

कुडाच्या फटीतून फुलसिंगचा हात खिशाकडे जाताना रामीबाईनं पाहिला. "जावाईबापू! हे नाई लिवाचं!"

"हाव जी, नाई लिवत."

पुढं तो बायकोला घेऊन मुंबईला गेला. बरीच वर्षं लिहिलं, नाव कधी आलं नाही. म्हणजे पडद्यावर आलं नाही. मानोऱ्याच्या बाजूला नानाजीच्या तंबूत मुनशीजींचं नाव झळकलं की लोक एका आवाजात ओरडायचे, "खोटं!" आणि मगच खाली बसायचे. नायक तर प्रत्येक सिनेमाला शेजाऱ्याला सांगायचा, अगदी घोडा खिंकाळला तरी, "हे आमच्या जावयानं लिवलं."

दशकाच्या अखेरीस दोघं सुट्टीला आले असताना आम्ही रिसोडला एक सिनेमा बघायला गेलो. त्या दिवशी कनात नव्हती, रुपाबाई आमच्या शेजारीच बसली होती. शेवटाकडे डोली आली. नवरी आईच्या गळ्यात पडून रडता रडता थांबली, बाजूला बघितलं, आणि फस्सकन हसली. तंबू बुचकळ्यात. मी फुलसिंगकडे पाहिलं. तो तंबूचं छत बघत होता.

रुपाबाईनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते, हसत होती की रडत, कळेना. मग तिच्या कोपराचा एक दणका मला ऐकू आला, फुलसिंगच्या बरगडीत बसलेला.

"घरी चाला तं खरं तुमी," ती म्हणाली.